अंगणातला उजेड, माजघरातला उजेड

आमच्या घरी एकाच दिवशी काढलेले दोन फोटो आहेत. एक भिंतीवर आहे, एक माझ्या टेबलाच्या खणात. भिंतीवरचा अगदी स्वच्छ आला आहे. आबाकाकांच्या फेट्याच्या घड्या मोजून घ्याव्यात इतका. खणातला हललेला आहे, कुणाला दाखवण्यासारखा नाही. पण मला विचाराल तर दोघांत मोलाचा तोच होता. तो का बिघडला हे समजून घेताना मी फोटोग्राफीतलं जे थोडंबहुत शिकलो, ते आज सांगणार आहे. रेडिओवरून फोटो दाखवता येत नाही हे खरं, पण ज्या चुकीमुळे माझा फोटो गेला ती चूक कानाला ऐकू येते. ते ओघात येईलच.

साल २००७. आबाकाका म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन वाईजवळच्या आमच्या गावी, जुन्या घरात करायचं ठरलं होतं. मी त्याच वर्षी पहिला डिजिटल एसएलआर कॅमेरा घेतला होता. तेव्हा फोटो कोण काढणार हा प्रश्नच नव्हता. आबाकाकांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून फ्लॅश मारायचा नाही एवढी सूचना घरच्यांनी दिली होती. कार्यक्रम निम्म्यावर आला असेल आणि दारात नानाकाका उभे. आबाकाकांचे धाकटे भाऊ. शेताच्या बांधावरून दोघांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. बोलावणं गेलं होतं, पण ते येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. माजघर एकदम गप्प झालं. नानाकाका नमस्काराला वाकले, तसं आबाकाकांनी त्यांना वरच्यावर धरलं, ताटातला पेढा उचलला आणि त्यांना भरवला. मी चार पावलांवर होतो, कॅमेरा डोळ्याला लावलेला होता. मी बटण दाबलं.

त्या फोटोत माजघराची भिंत स्पष्ट आहे. कोनाड्यातली समई स्पष्ट आहे. खुंटीवरची पिशवीसुद्धा स्पष्ट आहे. दोन भावांच्या जागी मात्र दोन पांढरट सावल्या आहेत आणि पेढा भरवणारा हात तर नाहीच. मनगटाच्या पुढे नुसता धूर.

थोड्या वेळानं सगळी मंडळी अंगणात आली. मी दोन्ही काकांना शेजारी शेजारी उभं केलं आणि फोटो काढला. तोच भिंतीवरचा. दोघंही हात सरळ सोडून उभे आहेत, शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखे.

कॅमेरा तोच, लेन्स तीच, काढणाराही तोच. मग असं का झालं? डिजिटल फोटोबरोबर तो कोणत्या आकड्यांवर काढला याची नोंदही साठवलेली असते. मी घरी आल्यावर दोन्ही फोटोंच्या नोंदी काढून पाहिल्या. ॲपर्चर दोन्हींत एफ ५.६. आयएसओ दोन्हींत १००. शटर मात्र अंगणात १/१००० सेकंद उघडं राहिलं होतं आणि माजघरात १/४ सेकंद. म्हणजे अंगणात माजघराच्या अडीचशे पट उजेड होता. त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, ‘आत जरा अंधारं आहे.’ अडीचशे पटींना आपण ‘जरा’ म्हणतो, कारण आपला डोळा फार सोशिक आहे. बाहुली लहानमोठी होते, आतला पडदा स्वतःला जुळवून घेतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. कॅमेऱ्याला ही जुळवाजुळव कुणीतरी करून द्यावी लागते. ती करण्याच्या तीनच जागा त्याच्यापाशी आहेत: ॲपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ.

ॲपर्चर म्हणजे लेन्सच्या आतलं लहानमोठं होणारं भोक. मोठं केलं की उजेड जास्त, बारीक केलं की कमी. यात अवघड काही नाही. अवघड आहेत ते त्याचे आकडे. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ अशी ती माळ असते आणि नवशिक्या माणसाला वाटतं की २२ म्हणजे सर्वांत मोठं भोक. असतं ते सर्वांत बारीक. कारण तो भागाकार आहे. लेन्सचं जे नाभीय अंतर असतं त्याला या आकड्यानं भागलं की भोकाचा व्यास मिळतो. ५० मिलिमीटरची लेन्स एफ २ वर असली तर भोक २५ मिलिमीटरचं, एफ १६ वर असली तर जेमतेम ३ मिलिमीटरचं. अर्धी भाकरी मोठी की भाकरीचा सोळावा भाग, हे जेवणाऱ्याला शिकवावं लागत नाही. तसंच हे. आणि माळेतले आकडे असे विचित्र का, तर भोकाचा व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं. त्यामुळे प्रत्येक पायरीला उजेड बरोबर निम्मा व्हायचा, तर आकडा दर वेळी सुमारे १.४ पटीनं वाढवावा लागतो. एक आड एक आकडा वाचून पाहा, २, ४, ८, १६, मग माळ ओळखीची वाटेल.

पण भोक बारीक करण्याचा आणखी एक परिणाम होतो, आणि तो चष्मा असणाऱ्यांना चांगला ठाऊक आहे. चष्मा घरी विसरला आणि एसटीची पाटी वाचायची आहे, तर माणूस काय करतो? डोळे किलकिले करतो. अक्षरं थोडी तरी उमटतात. फट बारीक झाली की आत येणाऱ्या किरणांचा फाफटपसारा कमी होतो आणि जवळचं, लांबचं बऱ्यापैकी एकदम स्पष्ट दिसू लागतं. लेन्सचंही तसंच. एफ १६ वर समोरचं तुळशीवृंदावन आणि मागचा डोंगर दोन्ही स्पष्ट येऊ शकतात. एफ २ वर तुळशीचं पान स्पष्ट, मागचं सगळं मऊ, पुसट. एकट्या माणसाचा चेहरा टिपताना हे पुसट होणं फार उपयोगी पडतं. लग्नातल्या तीन रांगांच्या फोटोत ते अंगाशी येतं, कारण पुढच्या रांगेतली करवली स्पष्ट येते आणि मागच्या रांगेतले मानाचे पाहुणे धुक्यात जातात. मानापमानाची भानगड नको असेल तर तिथे एफ ८ लावावा.

शटरचं बोलायचं तर मगाशी म्हटलं ते आता सांगतो. शटर हा सेन्सरपुढचा पडदा. तो किती वेळ उघडा ठेवायचा ते आपण ठरवतो. माझ्या कॅमेऱ्यात पडद्यापुढे एक आरसा असतो. फोटोच्या वेळी तो वर उचलला जातो आणि काम झालं की खाली येतो. १/५०० सेकंदाला हे सगळं एका ‘खट्’मध्ये उरकतं. १/४ सेकंदाला मात्र ‘खट्’, मग जरा थांबून दुसरं ‘खट्’ ऐकू येतं. मधल्या त्या फटीत जग हलत असतं. त्या दिवशी माजघरात इतकी शांतता होती की ते दोन आवाज मी नक्की ऐकले असणार. कानानं सांगितलं होतं, मला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

पाव सेकंद म्हणजे काहीच नाही असं आपल्याला वाटतं. तेवढ्यात पेढा ताटातून निघून तोंडाशी निम्म्या वाटेवर पोचलेला असतो. या सगळ्या प्रवासातला उजेड एकाच चित्रात सांडतो आणि हात कुठेच नीट उमटत नाही. भिंत जागची हलत नाही, म्हणून ती उमटते. याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण फोटोग्राफीच्या जन्माच्या वेळचं आहे. १८३८ च्या सुमारास लुई दागेर यानं पॅरिसमधल्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो वरच्या खिडकीतून घेतला. त्याच्या पत्र्याला चित्र धरायला काही मिनिटं लागायची. फोटोत घरं आहेत, झाडं आहेत, रस्ता आहे, पण रस्त्यावर माणूस नाही. गाड्याघोडे, वाटसरू सगळे हलत होते, म्हणून पुसले गेले. कोपऱ्यात एक जण तेवढा दिसतो. तो बुटाला पॉलिश करून घेत उभा होता! माणूस दिसणारा सर्वांत जुना फोटो म्हणून तो ओळखला जातो. माझ्या फोटोतली समई पाहिली की मला तो पॉलिशवाला आठवतो.

हे पुसणं मुद्दाम करावं असंही कधी वाटतं. पावसाळ्यात ठोसेघरसारख्या धबधब्यावर गेलात तर कॅमेरा तिकाटण्यावर ठेवा, आयएसओ १००, ॲपर्चर एफ २२. ढगाळ हवेत शटर साधारण १/८ सेकंदावर येईल आणि पाणी दुधासारखं सलग दिसेल. तेच १/१००० ला घेतलंत तर थेंबन् थेंब हवेत टांगलेला. मला स्वतःला ते दुधाचे धबधबे आता थोडे बेचव वाटतात, कॅलेंडरांनी त्यांचा अतिरेक केला आहे. पण शिकायला उदाहरण उत्तम.

इथे एक गल्लत नेहमी होते. फोटो दोन कारणांनी हलतो. एक, आपला हात हलतो. दोन, समोरचा माणूस हलतो. हात हलण्यासाठी जुना ठोकताळा असा की लेन्स जितक्या मिलिमीटरची, निदान तितक्याव्या भागाइतकं शटर वेगवान हवं. ५० मिलिमीटरला १/५०, २०० ला १/२००. सेन्सर लहान असेल तर त्याहून थोडं जास्त. हल्ली लेन्समध्ये आणि मोबाइलमध्ये हाताची थरथर सावरणारी यंत्रणा असते आणि ती फार छान काम करते, पण ती माझा हात सावरते, आबाकाकांचा नाही. माणसाचं हलणं थांबवायला शटरच वेगवान लागतं. घरगुती हालचालींना १/६० हा माझा कामचलाऊ आकडा आहे, मुलं पळत असतील तर १/२५० किंवा त्याहून जास्त.

राहता राहिला आयएसओ. रोलच्या काळात दुकानात आपण ‘शंभरचा द्या’ किंवा ‘चारशेचा द्या’ म्हणायचो, तोच हा आकडा. तेव्हा अमेरिकन एएसए आणि जर्मन डीआयएन अशा दोन मोजण्या चालत. १९७४ मध्ये त्या एकत्र करून आयएसओ हे नाव आलं. आकडा दुप्पट म्हणजे निम्म्या उजेडात काम भागतं. पण रोल एकदा घातला की छत्तीस फोटो संपेपर्यंत तोच आकडा, मग अंगण असो की माजघर. डिजिटल कॅमेऱ्यानं आपल्याला दिलेली सर्वांत मोठी सवलत माझ्या मते हीच की आता हा आकडा फोटोगणिक बदलता येतो. आणि मी अडाण्यासारखा तिच्याकडे पाठ फिरवून बसलो होतो. कॅमेरा घेतला तेव्हा कुणीतरी कानमंत्र दिला होता, ‘आयएसओ शंभरावरून हलवायचा नाही, फोटोत दाणे येतात.’ मी तो पाळला.

दाणे येतात हे खोटं नाही. का येतात ते रेडिओच्या श्रोत्यांना चटकन कळेल. लांबचं स्टेशन बारीक लागत असतं. आपण आवाज मोठा करतो. गाणं मोठं होतं, पण त्याबरोबर खरखरही मोठी होते. स्टेशनानं काही जास्त ताकदीनं गाणं पाठवलेलं नसतं. जे आलं आहे तेच आपण फुगवतो. आयएसओ वाढवणं म्हणजे हा आवाज मोठा करणं. सेन्सरवर उजेड तेवढाच पडतो, त्याचा संकेत वाढवला जातो आणि उजेड मुळात कमी असल्यामुळे जी खरखर असते ती दाण्यांच्या रूपानं दिसू लागते. उजेड भरपूर असताना कशाला आवाज वाढवायचा? तेव्हा शंभरच चांगला. पण स्टेशन बारीक लागत असताना, खरखर नको म्हणून आवाजच न वाढवणारा माणूस बातम्या कशा ऐकणार?

आता या तिघांचा एकमेकांशी हिशेब. एफ ४ आणि १/६० सेकंद, एफ ८ आणि १/१५ सेकंद, एफ २ आणि १/२५० सेकंद: आयएसओ तोच असेल तर तिन्हींत सेन्सरवर पडणारा उजेड सारखाच, फोटो सारखेच उजळ. भोक दोन पायऱ्या बारीक केलं तर वेळ दोन पायऱ्या वाढवायचा, एवढंच. पण फोटो तीन तऱ्हांचे. ‘बरोबर एक्सपोजर किती?’ असं लोक विचारतात, जणू ते एकच आहे. उजेड कमी असतो तेव्हा काहीतरी सोडावंच लागतं. भोक मोठं केलं तर मागचंपुढचं पुसट होतं. शटर लांबवलं तर हलणारं जातं. आयएसओ वाढवला तर दाणे येतात. यातलं काय गेलेलं चालेल हे कॅमेऱ्याला ठरवता येत नाही, कारण समोर अकरा वर्षांनी कोण भेटतंय हे त्याला माहीत नसतं.

मी माजघरात काय करायला हवं होतं? बोटांवर मोजण्यासारखं आहे. आयएसओ १०० ला १/४ सेकंद. २०० ला १/८. ४०० ला १/१५. ८०० ला १/३०. १६०० ला १/६०. चार वेळा दुप्पट, बस्स. माझ्या कॅमेऱ्यात १६०० होता, विकत घेताना त्याचे पैसेही मी भरले होते. १/६० ला हात उमटला असता. बोटांत किंचित थरथर राहिली असती, तर ती वाईट दिसली नसती. दुसरंही एक करता आलं असतं. माझी लेन्स कॅमेऱ्याबरोबर मिळते ती साधी, १८ ते ५५ मिलिमीटरची. तिच्यावर ३.५–५.६ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ, झूम न करता भोक एफ ३.५ पर्यंत उघडतं, पूर्ण झूम केला की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. मी चार पावलं लांब उभा राहून झूम केला होता. झूम सोडून जवळ गेलो असतो तर दुपटीहून जास्त उजेड फुकट मिळाला असता. पण त्या क्षणी दोघांच्या इतकं जवळ जायचा मला संकोच वाटला. तो संकोच अजूनही मला चूक वाटत नाही. आयएसओ शंभरावर ठेवणं ही मात्र शुद्ध चूक होती. दाणेदार फोटो माणसं चालवून घेतात. हललेल्या फोटोत चालवून घ्यायला माणूसच उरत नाही. नव्यानं कॅमेरा घेतलेल्यांना मी एवढंच आग्रहानं सांगतो.

मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांना वाटेल, हे आम्हाला कशाला? बहुतेक मोबाइलमध्ये भोक बदलत नाही. मागचं पुसट दिसतं ते पुष्कळदा हिशेबानं, सॉफ्टवेअरनं केलेलं असतं. पण शटर आणि आयएसओ तिथेही आहेतच. तुमच्याऐवजी मोबाइल ते ठरवतो, अंधारात एकामागून एक अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो आणि निगुतीनं करतो. तरीही रात्री मुलाचा फोटो हललेला आला तर कारण तेच, पॅरिसच्या रस्त्यावरचं. पुष्कळ मोबाइलांत ‘प्रो’ नावाची सोय असते. तिथे शटर स्वतः ठरवून पाहा.

आणि सराव करायचा तर लग्नकार्यात करू नका. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी, खिडकीशेजारी कुणाला तरी काम करताना बसवा. शेंगा सोलताना, मेथी निवडताना. आयएसओ १००, ४००, १६०० असे एकामागून एक फोटो काढा आणि दर वेळी फक्त बोटांकडे पाहा. आवाजाकडेही कान द्या. दोन ‘खट्’ वेगळे ऐकू आले की समजा, बोटं गेली.

नानाकाकांचं येणंजाणं त्यानंतर सुरू झालं. २००९ मध्ये त्यांच्या नातीचं केळवण आबाकाकांच्याच घरी, त्याच माजघरात झालं. मी आयएसओ १६०० लावूनच आत गेलो. झूम नाही, एफ ३.५. काकू पंगतीत वाढत होत्या, नानाकाका पानावर आडवा हात धरून ‘पुरे, पुरे’ म्हणत होते आणि काकू त्या हातावरूनच जिलबी सोडत होत्या. हात आला, जिलबी आली, काकूंचं हसणंही आलं. मागची अंधारी भिंत मात्र दाण्यांनी भरली होती.

छापून आणलेला फोटो काकूंनी उजेडात धरून बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, ‘तूप रवाळ असावं रे, फोटो कशाला?’ मी आयएसओचं सांगायला लागलो, तेवढ्यात त्यांनी तो पदरानं पुसला आणि देवघराच्या फळीवर टेकवून ठेवला.